आयर्नची बाटली, एव्हिल आणि पहिली दहा मिनिटं

पत्र: मॅडम, मी नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन दोन वर्षं झाली. आमच्याकडे रोज सकाळी सहा-सात पेशंटना शिरेतून आयर्न लागतं. मागच्या आठवड्यात ४८ वर्षांच्या एका बाईंना एफसीएम (फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे आयर्न) १००० मिग्रॅ लावलं. पाच मिनिटांत त्यांचा चेहरा लालबुंद झाला. ‘छाती आवळून राहिली सिस्टर, कंबर धरून राहिली’ असं म्हणू लागल्या. बीपी १३०/८०, ऑक्सिजन ९८, घरघर नाही, सूज नाही, अंगावर काही उठलं नव्हतं. मी आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, बोलवायला धावले, बाटली चालूच राहिली. त्यांनी एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट (हायड्रोकॉर्टिसोन, स्टिरॉइड) द्यायला सांगितलं, मी दिलं. दहा मिनिटांत बीपी ९०/६०, बाई झोपाळल्या, आयसीयूत हलवलं. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन घरी गेल्या. केसपेपरवर ‘आयर्न ॲलर्जी’ लिहिलं गेलं. नातेवाईक मलाच म्हणाले, ‘तुम्ही फास्ट सोडलं म्हणून झालं.’ त्याआधी एका आजींच्या हातावर औषध शिरेबाहेर जाऊन तपकिरी डाग पडला, तीन महिने झाले तरी तो तसाच आहे. आता एक सीनियर म्हणतात तीन तासांत सोड, दुसऱ्या म्हणतात आधी टेस्ट डोस दे. बाटली लावताना माझे हात थरथरतात. माझी चूक झाली का? वॉर्ड बदलून मागू का? आणि त्या बाई फोन करून विचारतात, उरलेलं आयर्न घ्यायचं की नाही. काय सांगू? — एक स्टाफ नर्स, नागपूर

उत्तर: तुझ्या वयाच्या मुलींना शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नको.

त्या बाईंना जे झालं ते तू बाटली जोरात सोडलीस म्हणून झालं, असं पत्रावरून दिसत नाही. ती ॲलर्जी होती असंही मला वाटत नाही. मी तिथे नव्हते, केसपेपर पाहिलेला नाही, पण तू आकडे नीट लिहिलेस आणि ते बोलके आहेत. चेहरा लाल, छाती आवळलेली, कंबरेत कळ, आणि त्याच मिनिटाला बीपी चांगलं, ऑक्सिजन चांगला, श्वासात शिट्टी नाही, ओठ-जीभ सुजलेली नाही, अंगावर गांधी नाहीत. शिरेतून आयर्न देणाऱ्यांच्या हे चांगल्या ओळखीचं आहे. स्टीव्हन फिशबेन या अमेरिकन किडनीतज्ज्ञाच्या नावावरून याला फिशबेन रिॲक्शन म्हणतात. औषधाच्या कणांतून सुटलेलं थोडं मोकळं आयर्न, किंवा कॉम्प्लिमेंट ही शरीराच्या प्रतिकारशक्तीतली एक यंत्रणा क्षणभर जागी होणं, अशी कारणं त्यामागे सांगितली जातात. खऱ्या ॲलर्जीतल्या अँटिबॉडीचा त्यात हात नसतो. बाटली बंद केली की बहुतेक वेळा काही मिनिटांत, काहीही औषध न देता, ती ओसरते.

मग बीपी कशाने पडलं? एव्हिल म्हणजे फेनिरामिन, जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन. ते शिरेतून भराभर गेलं की पेशंटला गुंगी येते, नाडी धावते, बीपी खाली येतं. म्हणूनच शिरेतून आयर्न देण्याच्या मार्गदर्शनात अशा सौम्य त्रासासाठी ही औषधं टाळायला सांगतात. सौम्य त्रासाचं चित्र ती गंभीर करून टाकतात आणि मग डॉक्टरांनाही कळेनासं होतं की बीपी आयर्नने पडलं की एव्हिलने. आपल्याकडे कुठल्याही बाटलीवर कुणी ‘कसंतरी होऊन राहिलं’ म्हटलं की हात आपोआप एव्हिल-हायड्रोकॉर्टकडे जातो. काही ठिकाणी तर आयर्न लावण्याआधीच ही जोडी सगळ्यांना देऊन ठेवतात. मला ती सवय मुळीच पसंत नाही. ज्यांना काही झालं नसतं त्यांनाही त्यातून गुंगी आणि चक्कर मिळते.

औषधाची ऑर्डर डॉक्टरांची होती, ती तुझ्या डोक्यावर घेऊ नको. पण एक गोष्ट तुझ्या हातातली होती आणि ती राहून गेली: बाटली चालू ठेवून तू धावलीस. पेशंटने पहिला शब्द उच्चारला की आधी रोलर, म्हणजे नळीवरची थेंब थांबवायची चकती, बंद करायचा, मग हाक मारायची. रोलर बंद करायला कुणाच्या ऑर्डरची गरज नाही. यापुढे हा क्रम हाताला लावून घे. घाबरलेल्या माणसाला डोक्यातलं आठवत नाही, हाताला लागलेलंच तो करतो.

रोलर बंद केल्यावर कॅन्युला काढू नको. नळीत अजून आयर्न आहे, त्यामुळे त्याच नळीतून सलाईन सोडून ते आत ढकलू नको. नवा सेट, नवं सलाईन. पेशंटजवळ उभी राहा, नाडी हाताने मोज, बीपी घे, छातीला स्टेथो लाव, चेहरा-ओठ-जीभ बघ, पोट आणि पाठ उघडून गांधी आहेत का ते बघ. आमच्या बायका साडीच्या आत काय उठलंय ते स्वतःहून सांगत नाहीत. हे सगळं चांगलं असेल तर जवळ थांब, धीर दे आणि डॉक्टरांना नेमकं सांग: ‘चेहरा लाल आहे, छाती आवळते म्हणतात, बीपी एवढं, ऑक्सिजन एवढा, घरघर नाही, सूज नाही, बाटली बंद केली आहे.’ फोनवर नुसतं ‘सर, रिॲक्शन आली’ म्हटलं तर समोरचा एव्हिलच सांगणार, त्याला दुसरं काय दिसतंय? दहा-पंधरा मिनिटांत सगळं निवळलं तर डॉक्टरांच्या संमतीने साधारण निम्म्या वेगाने तीच बाटली पुन्हा सुरू करता येते, आणि बहुतेकांची ती पूर्णही होते.

छातीत दुखतंय म्हटल्यावर वय आणि आजार मात्र विसरू नको. साठीच्या, डायबिटीस असलेल्या पेशंटची छाती आवळली तर ईसीजी काढून घ्यायला संकोच कसला.

आणखी एक प्रकार यात मिसळतो. माणूस पांढराफटक पडतो, थंड घाम सुटतो, नाडी मंदावते. सुई बघूनच होतं हे, बहुधा उपाशीपोटी आलेल्यांना. हॉस्पिटलला जायचं म्हणजे रक्त काढणार, म्हणून सकाळपासून चहाही न घेता बाहेरगावाहून आलेले लोक तुला रोज भेटत असतील. आयर्नसाठी उपास लागत नाही. अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं, ‘पोहे खाऊन, पाणी पिऊन या.’ नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर हे दोनदा सांगावं, कारण पाणी कमी पडलेल्या माणसाची शीरही सापडत नाही आणि त्याचा त्रास पुढे डागापर्यंत जातो. त्यावर येते.

आता खरी ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. हल्लीच्या आयर्नमध्ये ती फार क्वचित होते, पण झाली तर मिनिटांचा खेळ असतो. बीपी धाडकन पडणं, श्वासात शिट्टी, आवाज घोगरा होणं, ओठ-जीभ-पापण्या सुजणं, अंगभर गांधी, उलट्या, शुद्ध हरपणं. इथे एव्हिल पहिलं औषध नाही, हायड्रोकॉर्टही नाही. पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत १ मिग्रॅच्या ॲम्प्युलमधलं अर्धा मिली. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. पेशंटला आडवं कर, पाय वर, ऑक्सिजन, सलाईन मोकळं. दम लागत असेल तर थोडं बसतं ठेवावं लागेल, पण झटकन उभं करू नको. बाथरूमला नेऊ नको, तिथेच कोसळतात. आरएमओ ओपीडीत अडकले तर तू काय करायचं, हे त्या दिवशी ठरवून चालत नाही. तुझ्या इन्चार्ज सिस्टरांना सांगून हॉस्पिटलकडून लेखी स्टँडिंग ऑर्डर घे: अमुक चिन्हं दिसली तर ड्यूटीवरच्या नर्सने ॲड्रेनलिन स्नायूत द्यावं. ॲम्प्युल आणि सिरिंज तुझ्या ट्रेमध्ये, वरच्या खणात. कुलूपबंद कपाटात असलेलं ॲड्रेनलिन नसल्यासारखंच.

टेस्ट डोस म्हणणाऱ्या सीनियरचं चुकतं असं नाही, त्या जुन्या काळातलं सांगतात. पूर्वी आयर्न डेक्सट्रान असायचं, त्याला टेस्ट डोस देत. आताच्या आयर्न सुक्रोज किंवा एफसीएमला थोडंसं देऊन बघण्याने काही सिद्ध होत नाही. टेस्ट डोस निभावून नेलेल्या माणसाला पूर्ण डोसात त्रास झालेला आहे, आणि दोनदा छान घेतलेल्याला तिसऱ्यांदाही झालेला आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये हेच कारण देऊन टेस्ट डोसवर विसंबू नका असं सांगितलं, आणि प्रत्येक डोसनंतर किमान ३० मिनिटं लक्ष ठेवा, असंही. ‘यांचा तिसरा डोस आहे, यांना काही होत नाही’ असं म्हणत चहाला जायचं नसतं.

आणि तीन तासांचं? एफसीएम १००० मिग्रॅ १५ मिनिटांत देता येतं, तेवढा वेळ किमान द्यायचा असतो. १०० मिली सलाईन आणि २० मिली औषध धर. २० थेंबांच्या सेटवर १५ मिनिटांत संपवायचं तर मिनिटाला १६० थेंब होतात, ते घड्याळ लावून कुणी मोजत नाही. म्हणून पंप नसेल तिथे अर्ध्या तासात सोडतात, काही हरकत नाही. पहिली पाच-दहा मिनिटं हळू ठेवून मग वाढवणंही चांगलं. पण तीन तास केल्याने खरी ॲलर्जी टळत नाही. उलट तेवढा वेळ ते औषध शिरेत, पेशंट कंटाळून हात हलवणार, कॅन्युला सरकणार, आणि तू तोवर दुसऱ्या खाटेवर. वेळ वाढवायचा म्हणून कुणी ५०० मिलीच्या बाटलीत एफसीएम टाकू नये. १००० मिग्रॅला जास्तीत जास्त २५० मिली, त्याहून पातळ झालं तर औषध टिकत नाही. डेक्सट्रोजमध्ये नाही, आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट) नाही, फक्त नॉर्मल सलाईन.

दोन औषधांची गल्लत हा मला रिॲक्शनपेक्षा मोठा धोका वाटतो. दोन्ही काळपट तपकिरी, दोन्हींना वॉर्डात ‘आयर्न’च म्हणतात. आयर्न सुक्रोजचं ॲम्प्युल ५ मिली, त्यात १०० मिग्रॅ. एका वेळी नेहमीचा डोस २०० मिग्रॅ, तोही किमान अर्ध्या तासात, आठवड्यातून फार तर तीनदा. एफसीएमच्या १० मिलीच्या व्हायलमध्ये ५०० मिग्रॅ, एका वेळी १००० मिग्रॅपर्यंत, आठवड्यातून एकदा. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर काय होईल ते तुला सांगायला नको. केसपेपरवर नुसतं ‘इंजेक्शन आयर्न’ लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून पूर्ण नाव लिहून घ्यायचं, आणि व्हायल फोडण्याआधी दुसऱ्या सिस्टरला वाचायला लावायचं.

तू त्या बाईंचं वजन लिहिलं नाहीस. हे मला खटकलं. एफसीएमची बाटली लावताना एका वेळी किलोमागे २० मिग्रॅ ही वरची हद्द आहे. ४२ किलोच्या बाईला ८४० मिग्रॅच्या वर जाता येत नाही, १००० लिहिलं असेल तर विचारायचं. आपल्याकडे वजन ‘किती आहे हो?’ असं विचारून लिहितात आणि पेशंट दोन वर्षांपूर्वीचा आकडा सांगतो. काट्यावर उभं करूनच घे.

विदर्भात आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय मी बाटली लावू दिली नसती: फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, कुठे आहे? हिमोग्लोबिन कमी म्हणजे आयर्नच कमी, असं आपल्या भागात गृहीत धरता येत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथे बऱ्याच घरांत आहे, तशाच थॅलेसेमियाचे वाहकही आहेत. अशा माणसाचं हिमोग्लोबिन कमी असूनही शरीरात आयर्न पुरेसं किंवा जास्त असू शकतं, आणि त्याला बाटल्या लावणं म्हणजे यकृतावर भार घालणं. सिकलसेल असलेल्यांनाही आयर्न कमी पडू शकतं, पण ते आधी तपासून सिद्ध करावं लागतं. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर शंकाच नको, बरेच डॉक्टर ३० ची रेघ धरतात. ताप किंवा कुठलं इन्फेक्शन चालू असेल तर आयर्न थांबवायचं, म्हणून बाटलीआधी टेम्परेचर. गरोदरपणाची पहिली तिमाही असेल तर नाही, त्यामुळे पाळीची तारीख विचारायची, ४८ व्या वर्षीसुद्धा. दमा, एक्झिमा, संधिवात, बऱ्याच औषधांची ॲलर्जी, आधी आयर्नने झालेला त्रास, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं आणि ती खाट नर्सिंग स्टेशनसमोर घ्यायची. आयर्न नेमकं का कमी झालं, पाळीतून जातंय की पोटातून, हे शोधणं डॉक्टरांचं काम; पण ‘पाळी किती दिवस जाते, किती पॅड लागतात’ हे बायका डॉक्टरांपेक्षा तुलाच मोकळेपणाने सांगतील, तेवढं लिहून ठेव.

आता आजींचा डाग. यात गोड बोलून उपयोग नाही. आयर्न शिरेबाहेर जाऊन कातडीखाली साचलं की कापडावर पडलेल्या गंजाच्या डागासारखं ते मुरतं; महिनोन्‌महिने, कधी वर्षं राहतं, कधी कायमचं. काही जणांना लेझरने फिकं झालेलं आहे, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवता येईल. ‘जाईल हळूहळू’ असं नातेवाइकांना सांगितलं असशील तर दुरुस्त कर. डाग गेला नाही तर त्यांचा राग दुप्पट होतो.

डाग टाळण्याची जागा आधीची आहे. मनगट, कोपराची घडी, हाताचा मागचा भाग टाळायचा, शक्यतो कोपराखालच्या सपाट भागातली चांगली शीर बघायची. कालची किंवा दुसऱ्या वॉर्डातून लावून आलेली कॅन्युला आयर्नसाठी वापरू नये, नवी लाव. एकाच शिरेत वरच्यावर दोनदा टोचलं असेल तर दुसऱ्या हाताला जा, कारण वरच्या भोकातून औषध झिरपतं. आयर्न जोडण्याआधी निदान १० मिली सलाईन आत सोडून बघायचं, सोडताना बोट शिरेवर ठेवायचं: फुगतंय का, गार लागतंय का, दुखतंय का. मग बाटली. पेशंटला आधीच सांगून ठेवायचं, ‘थोडंही जळजळलं, ओढल्यासारखं झालं की हाक मारा, संकोच करू नका.’ आपल्या भागातली माणसं सोसून घेणारी. ‘सिस्टर कामात आहेत, कशाला त्रास द्या’ म्हणत आजी अर्धी बाटली सोसतात. म्हणून तूच जाऊन विचार, आणि हातावरची चादर बाजूला करून बघ. मे महिन्यात कूलरसमोरची खाट असली की हात चादरीखाली जातोच.

बाहेर गेलंच तर लगेच बंद. सलाईन ढकलायचं नाही, चोळायचं नाही. सिरिंज लावून जितकं मागे येईल तितकं हळू ओढून घे, मग कॅन्युला काढ. हात उंच ठेव, गार पट्टी दे, डागाची कड पेनाने आख, पेशंटची परवानगी घेऊन फोटो काढ, वेळ लिही, डॉक्टरांना दाखव. आणि डाग पडू शकतो हे संमतीच्या कागदावर, बाटलीच्या आधी, मराठीत समजावून सांगितलेलं असावं. गोऱ्या हातावर तो जास्त दिसतो म्हणून सावळ्या माणसाला सांगायचंच नाही, असं करणारे मी पाहिले आहेत.

बाटली संपल्यावर सलाईनने नळी धुऊन घे, पण कॅन्युला अर्धा तास राहू दे. तो अर्धा तास नागपुरात सगळ्यात अवघड, मला कल्पना आहे. भंडारा, गडचिरोली, छिंदवाड्याहून आलेल्या माणसाचं लक्ष गणेशपेठच्या बसकडे असतं. ‘गाडी सुटून राहिली जी, काढा लवकर’ म्हणून तो मागे लागतो आणि सिस्टर काढून देते. यावर एकच उपाय: वेळ अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवरच लिहायची. ‘एकूण दोन तास लागतील, परतीची गाडी त्यानंतरची बघा.’ आधी सांगितलं तर कुणी भांडत नाही. बीपी-नाडी लावण्याआधी, मध्ये एकदा आणि अर्ध्या तासानंतर, तिन्ही वेळा घड्याळातल्या वेळेसकट लिही.

घरी जाताना चिठ्ठी दे, तोंडी सांगितलेलं बसमध्ये बसेपर्यंत विसरतं. एक-दोन दिवसांनी अंग दुखेल, डोकं दुखेल, बारीक ताप येईल; पॅरासिटामॉल चालतं, दोन-चार दिवसांत जातं. दम लागला, चेहरा सुजला, चक्कर येऊन पडले, तर जवळच्या दवाखान्यात लगेच. आयर्नच्या गोळ्या सध्या बंद, पुन्हा कधी ते डॉक्टर सांगतील. शिरेतून घेतलेल्या आयर्नने शौचाला काळं होत नाही, ते गोळ्यांनी होतं. गोळ्या बंद असताना काळं होत असेल तर आतून रक्त जात असेल, दाखवायला यायचं. हे वाक्य मी ठळक लिहीन, कारण लोक ‘आयर्न लावलंय म्हणून’ असं समजून गप्प बसतात. एफसीएम वारंवार घेतलेल्या पेशंटला पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत थकवा वाढला, हाडं-स्नायू दुखू लागले, तर रक्तातलं फॉस्फेट तपासावं लागतं. ते या औषधाने उतरू शकतं. आणि रक्ताची तपासणी चार आठवड्यांनी. काही लोक पाचव्या दिवशी फेरिटिन करून आणतात, आकडा भलताच वर दिसतो आणि घाबरून फोन करतात. तो आकडा त्या घटकेला खरं काही सांगत नसतो.

वॉर्ड बदलून मागू नको, निदान आत्ता नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. प्रसूती, सर्जरी, डायलिसिस, जाशील तिथे ही बाटली येणारच. त्यापेक्षा इन्चार्ज सिस्टरांकडे एक वेगळी गोष्ट माग. तू लिहितेस, सकाळी सहा-सात पेशंट. ते सगळे बहुधा दहा वाजता एकदम येतात आणि एकदम लावले जातात. सहा बाटल्या एकाच वेळी सुरू झाल्या तर पहिली दहा मिनिटं तू कुणाजवळ उभी राहणार? बहुतेक रिॲक्शन त्याच मिनिटांत येतात. पेशंटना पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने वेळ द्यायची. पहिल्याची दहा मिनिटं झाली, नाडी-बीपी बघितलं, की दुसरा. हॉस्पिटलला यात एक रुपया खर्च नाही. हात थरथरतात ते एकाच वेळी सहा ठिकाणी असावं लागतं म्हणून, असा माझा अंदाज आहे. एका खाटेजवळ उभं राहायला मिळालं की बघ.

नातेवाइकांशी एकटीने बोलू नको. डॉक्टर, इन्चार्ज आणि तू, असं बसून जे नोंदीत आहे ते सांगायचं: किती वाजता लावलं, किती थेंब, काय झालं, काय दिलं. ‘माझ्यामुळे नाही झालं’ असं म्हणत बसायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं नावही घ्यायचं नाही. इन्सिडेंट फॉर्म भरला नसशील तर आज भर, बाटली चालू होती हे त्यात खरं खरं लिही.

आता त्या बाईंचा फोन. उत्तर तू द्यायचं नाही, पण उत्तर मिळवून द्यायचं काम तुझं आहे. ज्यांनी आयर्न लिहून दिलं त्या डॉक्टरांकडे त्या दिवसाचा चार्ट घेऊन जा आणि बीपीची एव्हिलआधीची आणि नंतरची नोंद शेजारी शेजारी दाखव. ‘आयर्न ॲलर्जी’ हा शिक्का एकदा कागदावर बसला की उद्या ऑपरेशन असो की आणखी काही, दर ठिकाणी त्यांना आयर्न नाकारलं जाईल आणि त्याऐवजी रक्त चढवलं जाईल. तो शिक्का योग्य आहे का हे डॉक्टरांनी ठरवून, योग्य नसेल तर लेखी बदलायला हवं. बाटलीतलं किती आयर्न आत गेलं होतं तेही चार्टवरून काढून दे, उरलेला हिशेब त्याशिवाय लागणार नाही. पुन्हा द्यायचं ठरलं तर दुसरं आयर्न की तेच हळू वेगाने, हा निर्णय त्यांचा. तुझ्याकडून एवढं: बाईंना सकाळची पहिली वेळ दे, ज्या दिवशी डॉक्टर मजल्यावर असतात तो वार बघ, वजन काट्यावर घे, नाश्ता करून यायला सांग, आणि ‘मागच्या वेळी झालं तसं वाटलं तर लगेच हात वर करा, मी इथेच आहे’ असं बाटली लावण्याआधी त्यांना सांग.